‘पाच वर्षांनी कुठं असशील?’

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा सोडला आणि निम्म्या पत्रांत एकच विषय निघाला, नोकरीत वाट दाखवणारा माणूस. कुणी त्याला मेंटर म्हटलंय, कुणी सीनियर, कुणी नुसतं ‘आमचे सर’. एकानं ‘गॉडफादर’ लिहून वर खोडलंय. म्हटलं, यावेळी सासू-सुना आणि सोसायटीची पार्किंगची भांडणं बाजूला ठेवू आणि ही सहा पत्रं एकदम घेऊ. नेहमीप्रमाणे लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत, ऑफिसांचीही. पंचविशीतल्या मंडळींना मी अगं-अरे करणार, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ताई, मी जव्हार तालुक्यातली. आश्रमशाळेत शिकले, मग इंजिनिअरिंग केलं, आता मालाडच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. विरारला तिघी मिळून खोली घेतली आहे. कंपनीनं यंदा मेंटरशिपची योजना काढली. मला दिलेले सर खूप वरच्या पदावर आहेत, दक्षिण मुंबईत वाढलेले, स्वभावानं चांगले. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘पाच वर्षांनी तू कुठं असशील?’ मी म्हटलं, ‘इथंच, सर.’ ते हसले आणि मग अर्धा तास तेच बोलत होते. दुसऱ्या भेटीत म्हणाले, ‘मीटिंगमध्ये बोलत जा, कॉन्फिडन्स आण.’ मी मान हलवली. तिसरी भेट पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहाला आहे. काय विचारू तेच सुचत नाही. बरं नाही म्हणून टाळावी असं वाटतंय.

उत्तर : टाळू नकोस. ‘इथंच, सर’ हे उत्तर काही वाईट नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं तू मला पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंस, जे मी इथं छापलं नाही. भावाचा डिप्लोमा कधी संपणार, त्याला महिन्याला किती पाठवतेस, घराच्या कुडाच्या भिंती काढून विटांच्या कधी बांधायच्या. अगं, याला दुसरं काय म्हणतात? तुझा पाच वर्षांचा आराखडा रकमेसकट तयार आहे. सरांचा प्रश्न ज्यांचं घर त्यांच्या पगाराशिवाय चालतं अशा पोरांसाठी घडवलेला आहे, म्हणून तुला वाटलं आपल्याकडं उत्तरच नाही. बुधवारी हे सगळं सांग. रडगाणं म्हणून सांगू नकोस, हिशेब म्हणून सांग. उद्या बाहेरगावच्या प्रोजेक्टवर कुणाला पाठवायचं, कुणाला आधी पगारवाढ द्यायची हे ठरताना तुझ्या बाबतीत कशाचं वजन जास्त आहे, हे त्यांना ठाऊक तरी असेल.

आता ते कॉन्फिडन्सचं. हा शब्द ऐकला की मला बॅलार्ड इस्टेट आठवतं.

मी १९७९ साली तिथल्या एका शिपिंग ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. घर लालबागच्या चाळीत, वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सहा माणसांच्या घरात माझा एकटीचा पगार उरला. आमच्या सेक्शनच्या प्रमुख एक पारशी बाई होत्या. हाक मारायच्या ‘दिकरी’ म्हणून, पण टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर आख्खं पान परत. त्यांनी मला आयुष्यात एकही सल्ला दिला नाही. दिला असता तर मीही तुझ्यासारखी मान हलवली असती.

संपाच्याच वर्षी त्यांनी मला मीटिंगची मिनिट्स घ्यायला बसवलं. माझं शॉर्टहँड बरं होतं, त्यामुळं पहिला मसुदा सहा पानी झाला. कोण काय म्हणालं, शब्दन्‌शब्द. बाईंनी ती लाल-निळी पेन्सिल घेतली, लाल टोकानं पाच पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि उरलेल्या पानावर तीन वाक्यांखाली निळी रेघ ओढली. म्हणाल्या, ‘कोण काय बोलला ते नको. काय ठरला ते लख.’

पुढच्या महिन्यात मी फक्त काय ठरलं ते लिहिलं. आणि लिहिताना माझी ट्यूब पेटली. जे ठरलं म्हणून मी लिहीत होते ते मीटिंगमध्ये ठरतच नव्हतं. कुणीतरी म्हणायचं, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे…’ आणि बाकीचे माना डोलवायचे. बोलणं झालं? कधी? कुठं? मी बाईंना विचारलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला म्हणाल्या, ‘ती फाइल घे नी चल माझ्याबरोबर.’ फाइलचं काही काम नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्सच्या साहेबांच्या केबिनमध्ये त्या वेळी चहा यायचा. चार माणसं उभ्या-उभ्या बशीतून चहा प्यायची आणि सोमवारची मीटिंग तिथं शुक्रवारीच उरकायची. मी फाइल छातीशी धरून दाराजवळ उभी. असे सहा महिने. ऑफिस कसं चालतं ते मी तिथं शिकले. पुढं पर्सोनेलची प्रमुख होऊन निवृत्त झाले, पण त्या दारापलीकडचं शिक्षण मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

ज्यांचे वडील, काका, मावशी ऑफिसांत नोकऱ्या करत आले त्यांना हे रात्री जेवताना कानावर पडलेलं असतं. कुणी शिकवलेलं नसतं आणि आपल्याला ते येतं हेही त्यांना माहीत नसतं. आमच्याकडं जेवताना विषय जॉबरचे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाचे, बदलीचे, रातपाळीचे. तुझ्याकडं भातलावणीचे आणि वनखात्याचे असणार. त्यात शहाणपण कमी नाही, पण त्यातून मालाडच्या ऑफिसचा नकाशा मिळत नाही. तुझ्या सरांकडं तो आहे, आणि तो आपल्या खिशात आहे याचा त्यांना पत्ता नाही. तो तू काढून घ्यायचास.

म्हणून बुधवारी ‘मी प्रगती कशी करू’ असलं काही विचारू नकोस. त्याला उत्तर म्हणून परत कॉन्फिडन्सच मिळेल. असं विचार: ‘सर, गेल्या मीटिंगमध्ये अमक्याची सूचना लगेच मान्य झाली. त्याआधी तो कुणाकुणाशी बोलला होता?’ ते दोन मिनिटं गप्प बसतील, मग सांगायला लागतील, आणि तुझ्यापेक्षा त्यांनाच मजा वाटेल. दुसरं, तुझा एक जुना बग रिपोर्ट छापून ने आणि त्यांच्यासमोर ठेव. वाचताना ते कुठं थांबले, कुठं मागं गेले ते बघ. तिसरं, पुढच्या क्लायंट कॉलला नुसतं ऐकायला बसू देता का, विचार. तीच माझी फाइल.

मीटिंगमध्ये इंग्रजीत तोंड उघडायची धास्ती आहे ना? आदल्या संध्याकाळी तुझा मुद्दा दोन ओळींच्या मेलनं टीम लीडला पाठव. मग मीटिंगमध्ये तुला एवढंच म्हणायचंय, की कालच्या मेलमध्ये लिहिलं त्याप्रमाणे. बघ, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ तुझ्याही तोंडी आलं.

आणि ती सहाची वेळ बदलून चारची माग. सहाला बसायचं, सातला सुटायचं, बोरिवलीला गाडी बदलून विरार म्हणजे डब्यात पाय टेकायला जागा नाही. सर गाडीनं जात असतील. हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न : मला जन्मापासून दिसत नाही. फोर्टमधल्या एका सरकारी बँकेत तीन वर्षं अधिकारी आहे, सगळं काम स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करतो. आमचे मॅनेजर मला मुलासारखं वागवतात. स्टेशनपर्यंत सोबत येतात, बायकोच्या हातचा डबा आणतात. पण कर्जविभागात बदली मागितली की म्हणतात, ‘कशाला त्रास करून घेतोस, तिथं साइटवर जावं लागतं.’ तिन्ही वर्षं मी पेन्शन आणि तक्रारींच्या टेबलावरच आहे. सगळे म्हणतात, तुला चांगला मेंटर मिळाला. त्यांना दुखवायचं नाही. पण…

उत्तर : त्या ‘पण’च्या पुढचं मी लिहिते. सल्ला देणारा माणूस वेगळा आणि शब्द टाकणारा वेगळा. तुझे साहेब तिसऱ्याच प्रकारचे आहेत, जपणारे. जपणारा माणूस घरात असावा. नोकरीत तो असला की आपण तीन वर्षं त्याच खुर्चीवर राहतो.

त्यांच्यावर मी फार रागवूही शकत नाही, कारण हेच मी केलेलं आहे. आमच्याकडं एका मुलीच्या पायाला पोलिओ होता, कामात तरबेज. बाहेरगावच्या ट्रेनिंगला नावं पाठवायची होती. तिथल्या हॉस्टेलला दोन जिने आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी तिचं नाव गाळलं आणि मनात स्वतःची पाठही थोपटली. चार वर्षांनी ती नोकरी सोडून गेली. निरोपाच्या दिवशी वडापाव खाता खाता म्हणाली, ‘मॅडम, आमच्या चाळीत मी तिसऱ्या मजल्यावर राहते.’ एवढंच. तो वडा माझ्या घशाखाली उतरला नाही.

तेव्हा साहेबांना वाईट वाटेल या भीतीनं गप्प बसू नकोस, त्यांना चूक सुधारायची संधी दे. बदलीच्या अर्जानं सुरुवात करू नकोस, एक फाइल माग. एकाच कर्जाची, एक महिना, टेबलाचं काम सांभाळून. ताळेबंद, खात्याचे उतारे, आधीच्या हप्त्यांचा इतिहास यातून काय दिसतं त्याचं टिपण तू तयार करायचं. साइटवर एक सहकारी बरोबर येईल. गोदामात माल किती रचलाय ते तो सांगेल, तो माल कागदांवरच्या विक्रीशी जुळतो का ते तू सांगशील. त्याआधी एक गोष्ट मार्गी लाव: कर्जाचे कागद बहुतेक स्कॅन करून ठेवलेले असतात आणि नुसता फोटो काढलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरला कोरा कागद. ते वाचता येतील असे करून घेण्याची सोय मागणं म्हणजे सवलत मागणं नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते सरकारी आस्थापनेचं काम म्हणून लिहिलेलं आहे, आणि केवळ दिव्यांगत्वाच्या कारणानं बढती नाकारता येणार नाही हेही. कायदा पहिल्या दिवशी टेबलावर आपटू नकोस. खिशात असू दे.

आणि दुसरा माणूस शोध, जो तुला जपणार नाही. न दिसता कर्जविभागात काम करणारा एखादा अधिकारी. तुझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे. वरळीला नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं ऑफिस आहे, ती संस्था तर १९५२ पासूनची. तिथं विचार की बँकेत कर्जाचं काम कोण करतं, मला त्यांच्याशी बोलायचंय. तुझ्या साहेबांना ‘जमतं’ हे तू सांगून पटणार नाही. दुसऱ्या बँकेतल्या अधिकाऱ्याशी त्यांची गाठ घालून दिलीस तर पटेल. कोण जाणे, मग शब्द टाकायलाही तेच पुढं होतील. जीव लावणारा माणूस आहे, फक्त दिशा चुकली आहे.

प्रश्न : वय ५४, राहणार डोंबिवली, एका बांधकाम कंपनीत सीनियर इंजिनिअर. एचआरनं मला दोन ज्युनियर ‘मेंटी’ म्हणून दिले आहेत. एक मुलगी मुंब्र्याची, मुस्लिम. एक मुलगा घाटकोपरच्या रमाबाई नगरमधला. दोघंही हुशार. मला मनापासून मदत करायची आहे, पण भीती वाटते. काहीतरी चुकीचं बोलून जाईन. आणि मुलीशी केबिनमध्ये एकट्यानं बोलणं आजकाल कितपत योग्य?

उत्तर : तुम्हाला भीती वाटते हे वाचून बरं वाटलं. ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही.

केबिनचं आधी संपवू. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुम्हाला सहकारी मुलीशी बोलू नका असं सांगत नाही. ऑफिसच्या वेळात, काचेच्या खोलीत किंवा कँटीनच्या कोपऱ्यात बसा, भेट कॅलेंडरवर टाका, विषय कामाचा ठेवा. पण हाच नियम त्या मुलालाही लावा. नाहीतर काय होतं ते मी बघितलंय. नसती भानगड नको म्हणून मुलीशी पंधरा मिनिटं औपचारिक बोलायचं, आणि मुलाला घेऊन टपरीवर जायचं. खरं बोलणं टपरीवर होतं. मग तिच्या वाट्याला नुसतं ‘कॉन्फिडन्स आण’ येतं. टपरीवर जायचंच असेल तर दोघांना न्या. आणि रमजान असेल तर त्या महिन्यात भेट चहावर ठेवू नका, तिला ते सांगायची वेळच येऊ देऊ नका.

आता चुकीचं बोलण्याबद्दल. एकच गोष्ट टाळलीत तरी निम्मं काम झालं. आपल्याकडं नवा माणूस भेटला की आपण विचारतो, ‘आडनाव काय?’ आडनावावरून उमगलं नाही तर ‘मूळ गाव कुठलं?’ तेवढ्यानंही नाही भागलं तर ‘म्हणजे तुमच्यात लग्नात काय असतं?’ आपण म्हणतो, सहज विचारलं. सहज वगैरे काही नसतं, आणि ऐकणाऱ्याला तर दुसऱ्या प्रश्नालाच कळलेलं असतं की हे कुठं चाललंय. त्या मुलाचं आडनाव, त्याचं गाव, त्याच्या घरातला फोटो, त्याचं तो सांगेल तेव्हा सांगेल. ‘मी जातपात मानत नाही हं’ हेही पहिल्या भेटीत जाहीर करू नका. न विचारता दिलेली ग्वाही माणसाला सावध करते. आणि त्यांच्याकडून संघर्षाची कहाणी काढून घेऊ नका. तुमच्या हाताखाली ते साइटचं काम शिकायला आलेत, मुलाखत द्यायला नाही.

मग करायचं काय? मुंबईतलंच एक उदाहरण देते. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळूसकर, स्वतः शिक्षक, तेही तिथं येऊन बसायचे. त्यांनी काय वाचतोस म्हणून चौकशी केली, आपल्याकडची पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, सत्काराची सभा झाली, तिथं केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. हे सगळं आपल्याला माहीत असतं, कारण तो मुलगा पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला. भाषणांत गोष्ट पुस्तकापाशी संपते. माझा जीव पुढच्या भागात अडकतो. इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडलं तेव्हा केळूसकरांनी ‘प्रयत्न सोडू नकोस’ असं सांगून हात झटकले नाहीत. त्याला बरोबर घेऊन ते सयाजीराव गायकवाडांकडं गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली बी.ए. पदरात पडलं. सल्ला देताना आपलं काही खर्च होत नाही. दुसऱ्याच्या दारात त्याच्यासाठी जाताना आपली पत लागते.

तुमच्या कंपनीत पुढच्या टॉवरचं काम कुणाला द्यायचं हे ठरेल त्या दिवशी या दोघांपैकी एकाचं नाव तुमच्या तोंडून निघालं, तर तुम्ही मेंटर. नाव निघालं नाही तर दर महिन्याच्या भेटी कितीही छान झाल्या असोत, तो फक्त एचआरचा तक्ता भरला.

प्रश्न : मी लातूरचा, घराण्यातला पहिला वकील. तीन वर्षं हायकोर्टात एका सीनियरकडं आहे. ड्राफ्टिंग माझं, तारखा मी घेतो, पण कोर्टासमोर उभं राहायची संधी एकदाही नाही. महिना ८ हजार. वाढवा म्हटलं की म्हणतात, ‘आम्ही शिकवतो, खरं तर तूच गुरुदक्षिणा द्यायला हवी.’ सोडलं तर कृतघ्न ठरेन का?

उत्तर : नाही, वकीलसाहेब. गुरुदक्षिणेचा विषय गुरूनंच काढला की मला द्रोणाचार्य आठवतात, आणि अंगठा कुणाचा गेला तेही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढून शहरांत ज्युनियरला महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही, म्हणून ते परिपत्रक सीनियरच्या टेबलावर ठेवून काही होणार नाही. पण आपण फार मागतोय का, ही तुमच्या मनातली शंका त्यानं फिटायला हरकत नाही. मुंबईत ८ हजारांत खोलीचं भाडंही भागत नाही. ज्याला घरून पैसे येतात तोच अशा चेंबरमध्ये टिकतो, आणि मग आपण म्हणतो की वकिलीत त्याच त्याच घरांतली मुलं का दिसतात.

पैशांपेक्षा मला दुसरं खटकलं. तीन वर्षांत एकदाही उभं केलं नाही. साधी पुढची तारीख मागायलासुद्धा नाही. शिकवणारा सीनियर पहिल्या सहा महिन्यांत ज्युनियरला अशा कामासाठी उभं करतो, तो अडखळला तर मागून गाऊन ओढतो. तेव्हा एकदा स्पष्ट विचारा: येत्या तीन महिन्यांत कुठली मॅटर मी चालवू? उत्तर गोलमाल आलं की निघायचं. निघताना मात्र चालू फायलींची यादी, प्रत्येकीची पुढची तारीख आणि कशात काय बाकी आहे हे दोन पानांत लिहून द्या, सही करा, नमस्कार करा. कॉरिडॉरमध्ये कुणी विचारलं, का सोडलं, तर ‘खूप शिकलो’ एवढंच. ते खोटंही नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर एक करिअर कोच आहेत, तीन महिन्यांच्या ‘पर्सनल मेंटरशिप’चे २५ हजार घेतात. पैसे हप्त्यानंही चालतात म्हणाले. घ्यावी का? (परळ)

उत्तर : नको. तुझ्या ऑफिसात कोण कुणाशी बोलतं हे त्यांना माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. त्या २५ हजारांतून इंग्रजी बोलण्याचा वर्ग लाव, एक चांगला शर्ट घे, उरलेले ठेव.

प्रश्न : मी गोवंडीची. सीएची इंटर पास झाले, आता आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी शोधतेय. आमच्या वस्तीत ऑफिसात बसून काम केलेलं माणूस मला माहीत नाही. अब्बांचं भंगाराचं दुकान आहे. ज्याची ओळखच नाही त्याला गुरू कसा करायचा? आणि मोठी फर्म घ्यावी की लहान?

उत्तर : आधी मुबारक हो. इंटर पास होणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी ती परीक्षा दिली त्यांनाच माहीत.

वीस वर्षं पुढं गेलेला माणूस शोधू नकोस, दोन वर्षं पुढं गेलेली मुलगी शोध. मोठ्या माणसाला पहिली पायरी आता आठवत नाही, तिला ती अजून दुखतेय. तुझ्या क्लासमधून तुझ्या आधीच्या बॅचला जी पास झाली तिला मेसेज कर. ‘मार्गदर्शन कराल का’ असं लिहू नकोस, त्या शब्दानं माणसं घाबरतात. लिही, ‘तुमच्या फर्ममध्ये पहिल्या महिन्यात काय काम देतात?’ एवढ्या प्रश्नाला कुणीही उत्तर देतं, आणि उत्तर देता देता पुढचं सांगतं.

मोठी की लहान, यावर मारामाऱ्या होतात, मी त्यात पडत नाही. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोनच वर्षांची आहे, पूर्वी तीन असायची. दोन वर्षांत व्हाउचर तपासण्याच्या पलीकडं जायचं असेल तर फर्म किती मोठी यापेक्षा तुझा प्रिन्सिपल, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकशील तो सीए, स्वतः तुझ्या टेबलापर्यंत येतो का, हे महत्त्वाचं. आणि अब्बांच्या दुकानाबद्दल मुलाखतीत आडून बोलू नकोस. रोज वजन, भाव, उधारी आणि जीएसटी बघत मोठी झालेली मुलगी स्टॉक ऑडिटला गोदामात जाऊन काटा कसा मारतात ते ओळखेल. बाकीच्या पोरांना ते शिकवावं लागेल.

मुलाखत संपताना ते विचारतील, तुला काही विचारायचंय का. नाही म्हणू नकोस. विचार, ‘याआधीच्या तीन आर्टिकल्सना परीक्षेसाठी रजा केव्हापासून मिळाली?’ आणि त्यांतल्या एखादीशी बोलता येईल का, विचार. जिथं नंबर आनंदानं देतील तिथं जा. जिथं टाळाटाळ करतील तिथून हसतमुखानं उठ आणि दोन दिवसांनी मला कळव. माझ्याकडं एक-दोन ठिकाणं आहेत. मी शब्द टाकते.